तपासणी आणि बोलावणे : महाराष्ट्रातील स्त्री-आरोग्यविषयक अभ्यासांचा चिकित्सक परामर्श
(विशेष संदर्भ : गडमुडशिंगी, ता. करवीर, जि. कोल्हापूर)

प्रस्तावना

स्त्रीच्या प्रजनन आरोग्याचा विचार आपल्या आरोग्यव्यवस्थेत प्रामुख्याने दोन प्रसंगी केला जातो. पहिला प्रसंग बाळंतपणाचा आणि दुसरा कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचा. हे दोन्ही प्रसंग ग्रामीण महाराष्ट्रातील बहुसंख्य स्त्रियांच्या आयुष्यात तिशीपूर्वीच उरकलेले असतात. त्यानंतरची तीस-पस्तीस वर्षे ती स्त्री शासकीय नोंदवहीच्या दृष्टीने जणू निरोगीच असते. वस्तुतः गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वलक्षणे शोधण्याचा खरा काळ तिशीनंतर सुरू होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात या रोगाचे सुमारे १,२७,००० नवे रुग्ण आढळले व सुमारे ८०,००० स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास बहुधा दहा ते वीस वर्षांचा असल्यामुळे हा रोग वेळीच रोखण्यास पुरेसा अवधी मिळतो. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के भारतीय स्त्रियांनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाल्याचे सांगितले.

या विसंगतीचे एक ठळक वैशिष्ट्य असे की, या विषयावरील जगभर मान्यता पावलेले काही महत्त्वाचे अभ्यास महाराष्ट्रातच झालेले आहेत. गडचिरोली, मुंबई आणि बार्शी-उस्मानाबाद ही त्यांची क्षेत्रे होत. ज्या राज्याने जगाला पुरावा दिला, त्या राज्यातील स्त्रीपर्यंत तो पुरावा सेवेच्या रूपाने का पोहोचला नाही, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. या तीन अभ्यासांचे सामर्थ्य व मर्यादा यांचा परामर्श घेऊन, त्यांच्या आधारे आखलेल्या धोरणाची चिकित्सा येथे केली आहे. त्या निष्कर्षांचा अर्थ कोल्हापूर शहरालगतच्या गडमुडशिंगीसारख्या गावासाठी काय होतो, याचा विचार शेवटी केला आहे.

भाषा आणि संकोच

कोणत्याही तपासणीची सुरुवात स्त्रीच्या तोंडच्या शब्दाने होते. मराठी स्त्रीजवळ यासाठी शब्द नाहीत असे नाही. ‘अंगावरून जाणे’, ‘पांढरे जाणे’, ‘अंग बाहेर येणे’, ‘ओटीपोटात कळ येणे’ असे अनेक शब्दप्रयोग ती करते. परंतु हे शब्द मायलेकी, जावा-नणंदा यांच्या बोलण्यापुरतेच मर्यादित राहतात. दवाखान्याच्या टेबलापर्यंत ते येत नाहीत. दुसऱ्या बाजूला, आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकावर ‘गर्भाशयग्रीवा’ किंवा ‘गर्भाशयमुख’ असा शब्द छापलेला असतो. गावातील स्त्री मात्र सगळ्यालाच ‘पिशवी’ म्हणते. गर्भाशय आणि गर्भाशयमुख यांत तिच्या बोलीत भेद नसल्याने पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घेणे आणि पिशवी काढून टाकणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी तिच्या मनात शेजारी येऊन बसतात. या शेजाराचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, हे पुढे बीडच्या उदाहरणात दिसेल.

‘दुखणे अंगावर काढणे’ हा मराठीतील वाक्प्रचारही या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. दुखणे सोसत राहणे हा स्त्रीच्या बाबतीत गुण मानला गेला. जिथे दुखत असूनही दवाखान्यात जाणे लांबणीवर टाकले जाते, तिथे काहीच दुखत नसताना तपासून घेण्यासाठी जावे, ही अपेक्षा संस्कृतीच्या प्रवाहाविरुद्ध जाणारी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. शरीराविषयी मराठीत स्पष्ट बोलण्याची ती वाट होती. तथापि ती वाट प्रामुख्याने साक्षर वाचकाच्या घरापर्यंत गेली, शेतमजूर स्त्रीच्या घरापर्यंत क्वचितच पोहोचली.

गडचिरोली : तक्रारीपलीकडील आजार

डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रुग्णालयात आलेल्या स्त्रियांऐवजी गावात राहणाऱ्या ६५० स्त्रियांची तपासणी त्यात करण्यात आली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. दर स्त्रीमागे रोगांची सरासरी ३.६ इतकी होती. पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या.

या अभ्यासाची मर्यादा अशी की, पात्र असलेल्या सर्वच स्त्रिया त्यात सहभागी झाल्या नाहीत. ज्यांना त्रास होता त्याच अधिक संख्येने आल्या असाव्यात, अशी शंका घेण्यास त्यामुळे जागा राहते. तसेच सौम्य व गंभीर अशा सर्व विकारांची एकत्र मोजदाद झाल्याने ९२ टक्के हा आकडा डोळ्यांत भरतो. पण प्रत्येक विकाराचे वजन सारखे नसते. असे असले तरी अभ्यासाचा गाभा त्यामुळे ढळत नाही. तपासलेल्या स्त्रियांपैकी ५५ टक्के स्त्रियांनीच तक्रार सांगितली होती. उर्वरित ४५ टक्के स्त्रियांची काहीही तक्रार नव्हती. आजारी स्त्रियांचे प्रमाण तक्रार सांगणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठे निघाले. म्हणजेच स्त्री तक्रार घेऊन येईल आणि मग तिला तपासू, या गृहीतकावर उभी असलेली व्यवस्था आजारी स्त्रियांच्या फार मोठ्या भागाला पाहूच शकत नाही. भारतीय कुटुंबनियोजन कार्यक्रमातील गर्भनिरोधनाची लक्ष्ये १९९६ मध्ये मागे घेतली गेली आणि १९९७ मध्ये प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. स्त्री-आरोग्याचा विचार संततिनियमनापलीकडे नेण्याच्या त्या काळातील चर्चेला या अभ्यासाने भक्कम आधार पुरविला.

मुंबई आणि बार्शी : दोन पद्धती, दोन उत्तरे

गर्भाशयमुखाच्या तपासणीच्या मुख्यतः तीन पद्धती आहेत. पहिली पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, म्हणजेच पॅप तपासणी. दुसरी, सौम्य ॲसिटिक आम्ल लावून सुमारे एका मिनिटानंतर पांढरे चट्टे उमटतात काय, हे डोळ्यांनी पाहणे; तिला व्हीआयए म्हणतात. तिसरी, या कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूचा शोध घेणारी प्रयोगशाळेतील तपासणी. पहिलीला प्रशिक्षित पेशीतज्ज्ञ लागतो, तिसरीला यंत्र व खर्च लागतो, दुसरीला मात्र शिकलेला हात आणि जाणता डोळा पुरतो.

टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दुसऱ्या पद्धतीचा कस पाहिला. ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रिया या अभ्यासात होत्या. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका म्हणून नेमण्यात आले. दर दोन वर्षांनी एक याप्रमाणे तपासणीच्या चार फेऱ्या झाल्या. बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के स्त्रिया तपासणीस आल्या. बारा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे त्यांत नमूद आहे. मात्र रोग होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. याचा अर्थ, तपासणीने रोग टळला नाही, तर तो लवकर सापडला व उपचार साधले. प्रतिबंध आणि लवकर निदान यांतील हा भेद प्रचारसाहित्यात बहुधा पुसला जातो.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेला अभ्यास अधिक व्यापक होता. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट करण्यात आले. तीन गटांना तीन पद्धतींपैकी एकेक तपासणी एकदाच देण्यात आली. चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा मिळाली. एप्रिल २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आठ वर्षांच्या काळात चौथ्या गटात या रोगाने ६४ मृत्यू झाले, तर एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. पुढच्या अवस्थेतील कर्करोगाचे रुग्णही त्या गटात ८२ च्या तुलनेत ३९ च आढळले. पॅप आणि व्हीआयए या दोन्ही गटांत मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही.

या दोन अभ्यासांची उत्तरे वरवर पाहता परस्परविरोधी वाटतात. मुंबईत व्हीआयए उपयोगी ठरली आणि उस्मानाबादेत नाही. तमिळनाडूतील दिंडिगल येथे तर व्हीआयएच्या एकाच फेरीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तथापि व्यवस्थेच्या अंगाने पाहिले असता हा विरोध बऱ्याच अंशी उलगडतो. दिंडिगलमध्ये दोष आढळलेल्या योग्य स्त्रियांवर परिचारिकांकरवी त्याच भेटीत गोठवण-उपचार करण्याची सोय होती. मुंबईत दर दोन वर्षांनी तीच तपासणी पुन्हा होत होती. डोळ्यांनी करावयाची तपासणी ही करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते; ती पुनःपुन्हा व्हावी लागते किंवा तिच्यापाठोपाठ तत्काळ उपचार तरी मिळावा लागतो. एचपीव्ही तपासणी मात्र एकदा झाली तरी पुष्कळ काम करून जाते. सारांश, साधन जितके साधे तितकी त्याच्यामागची व्यवस्था मजबूत असावी लागते.

नैतिकतेचा प्रश्न

या अभ्यासांची चर्चा त्यांच्या नैतिक बाजूविना अपुरी राहील. मुंबई, उस्मानाबाद व दिंडिगल या तिन्ही ठिकाणी तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील हजारो स्त्रियांना अनेक वर्षे तपासणी देण्यात आली नाही. पाश्चात्त्य देशांत पॅप तपासणीची उपयुक्तता अनेक दशके मान्य झालेली असताना असा गट ठेवणे योग्य होते काय, हा प्रश्न ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’सह अनेक व्यासपीठांवर उपस्थित झाला. भारतात प्रचलित सेवा म्हणजे तपासणी नसणेच होय, त्यामुळे त्या गटाकडून काहीही हिरावून घेतले गेले नाही, असे समर्थन संशोधकांच्या बाजूने करण्यात आले.

या समर्थनात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. परंतु त्यातूनच एक उत्तरदायित्व निर्माण होते. ज्या स्त्रियांच्या वाट्याला केवळ प्रतीक्षा आली, त्यांच्यामुळे मिळालेले ज्ञान त्यांच्या लेकी-सुनांपर्यंत सेवेच्या रूपाने पोहोचले, तरच त्या प्रतीक्षेला काही अर्थ उरतो. निष्कर्षांनंतरही तपासणीचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत राहत असेल, तर ‘प्रचलित सेवा म्हणजे तपासणी नसणे’ ही संशोधनकाळातील सबब कायमची वस्तुस्थिती ठरते. नैतिक आक्षेपाची धार संशोधकांपेक्षा अशा वेळी धोरणकर्त्यांकडे अधिक वळते.

धोरणाची चिकित्सा

केंद्र शासनाने २०१६ मध्ये मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासणीची कार्यचौकट जाहीर केली. तीत ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची व्हीआयए पद्धतीने पाच वर्षांतून एकदा तपासणी करण्याचे ठरले. अल्प खर्चाची पद्धत निवडण्यामागील व्यावहारिक विचार समजण्यासारखा आहे. परंतु वरील अभ्यासांशी ही चौकट ताडून पाहिली असता एक विचित्र स्थिती दिसते. उस्मानाबादने ज्या पद्धतीचा लाभ दाखविला ती एचपीव्ही तपासणी यात नाही. मुंबईत जी पद्धत फलदायी ठरली तिच्यातील दोन वर्षांचे अंतर यात नाही. दिंडिगलप्रमाणे त्याच भेटीत उपचाराची हमीही बहुसंख्य केंद्रांत नाही. म्हणजे अभ्यासांतून साधन घेतले गेले, पण ज्या व्यवस्थेने त्या साधनाला गुण आणला ती मागेच राहिली.

आणखी एक तांत्रिक अडचण आहे. पाळी गेल्यानंतर गर्भाशयमुखाचा तपासावयाचा भाग आत सरकत असल्याने वयस्क स्त्रियांमध्ये व्हीआयए विश्वासार्ह राहत नाही. वयाची मर्यादा ६५ पर्यंत ठेवून पद्धत मात्र एकच ठेवणे ही त्यामुळे कागदावरची पूर्तता ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीस प्राधान्य देण्याची शिफारस केली असून, स्त्रीने स्वतः नमुना घेणेही ग्राह्य मानले आहे. संकोच हा जिथे मुख्य अडसर आहे, तिथे ही गोष्ट विशेष मोलाची आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेली ‘सर्व्हाव्हॅक’ ही एचपीव्हीविरोधी लस २०२२ मध्ये जाहीर झाली. मुलींसाठी ती निश्चितच आशादायक आहे. तथापि आज तिशी-चाळिशीत असलेल्या स्त्रीला तपासणीचा पर्याय लसीने मिळत नाही.

बीड : तपासणीऐवजी शस्त्रक्रिया

प्रतिबंधक तपासणी नसते तेव्हा तिची जागा रिकामी राहत नाही. भीती ती व्यापते. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आल्यावर राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ स्त्रियांचे, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. याच काळातील राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयोगटासाठी देशाचे प्रमाण सुमारे ३.३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट व निवड वेगळी असल्याने थेट तुलना काटेकोर ठरत नाही. तरीही तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

या शस्त्रक्रियांमागे उचल आणि खाडा यांचे अर्थकारण आहे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कामाचा दिवस चुकला की खाडा कापला जातो. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा, ना पुरेसे पाणी. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाण्यासारख्या, बहुधा औषधाने बऱ्या होणाऱ्या तक्रारीवर ‘पिशवी खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितले गेल्याचे अनेक स्त्रियांच्या कथनांतून पुढे आले. ज्या रोगाची तपासणी काही मिनिटांत होऊ शकते, त्याच्या नुसत्या धाकाने अवयव गमावला जातो. शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले तर अकाली रजोनिवृत्ती व हाडांची झीज ओढवते. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांबाबतची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अंगीकारावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. नियंत्रण आवश्यकच आहे. परंतु भीतीवरचा खरा उतारा वेळेवर झालेली तपासणी हाच होय.

गडमुडशिंगीचा संदर्भ

गडमुडशिंगी हे करवीर तालुक्यातील मोठे गाव कोल्हापूर शहरापासून हाकेच्या अंतरावर आहे. गांधीनगरची कापडपेठ, गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आणि उजळाईवाडीचा विमानतळ हा त्याचा परिसर. गडचिरोलीतील खेड्याला लागू पडणारे ‘दवाखाना दूर आहे’ हे स्पष्टीकरण येथे लागू पडत नाही. कोल्हापूरला स्त्री-वैद्यकाची परंपराही जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी परदेशी जाऊन शिक्षण घेतले व विसाव्या शतकाच्या आरंभी येथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांवर उपचार केले. तेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे अर्थात ‘सीपीआर’ म्हणून ओळखले जाते व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे.

म्हणूनच शहरालगतचे असे गाव या प्रश्नाची खरी कसोटी ठरते. अंतर हा अडसर नसताना जे अडसर उरतात, ते व्यवस्थेचे असतात. कारखान्यात वा दुकानात रोजंदारीवर जाणाऱ्या स्त्रीला बाह्यरुग्ण विभागाच्या सकाळच्या वेळेत जायचे तर दिवसाचा रोज बुडतो. तक्रार नसताना रोज बुडवून जाण्याचे कारण तिला घरातही सांगता येत नाही. आशा स्वयंसेविकेकडे गरोदर मातांची व बालकांची यादी असते. पस्तिशीच्या स्त्रीला नावानिशी बोलावण्याची तशीच घट्ट रीत रुजलेली नाही. शिबिर भरले तर ज्या येतात त्यांची मोजदाद होते, ज्या येत नाहीत त्यांची होत नाही. त्यातच हंगामात करवीरच्या फडांत उतरणाऱ्या, कोप्यांत राहणाऱ्या ऊसतोड स्त्रिया गावच्या यादीत नसतात आणि त्यांच्या मूळ गावच्या यादीत असल्या तरी त्या काळात तेथे सापडत नाहीत.

दुसऱ्या बाजूला, बोलावणे पोहोचविण्याच्या वाटा या परिसरात तयार आहेत. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ होणारी ये-जा, बचत गटाची बैठक, अंगणवाडी, हळदी-कुंकू ही स्त्रियांच्या एकत्र येण्याची रुळलेली ठिकाणे आहेत. मुंबईच्या अभ्यासाने दाखविल्याप्रमाणे दहावी शिकलेली, वस्तीतली स्त्री योग्य प्रशिक्षणानंतर हे काम करू शकते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीची नावनिशीवार यादी, संध्याकाळची किंवा सुटीच्या दिवशीची तपासणी, ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी’ अशा तिच्या शब्दांत दिलेली माहिती, ‘तपासणी म्हणजे पिशवी काढणे नव्हे’ हा स्पष्ट खुलासा आणि दोष आढळल्यास उपचार पूर्ण होईपर्यंत सोबत जाणारी व्यक्ती, या पाच गोष्टींपैकी एकही नव्या संशोधनाची वाट पाहत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, महाराष्ट्रातील अभ्यासांनी तपासणीइतकेच बोलावण्याचे महत्त्व सिद्ध केले आहे. गडचिरोलीने दाखविले की तक्रारीची वाट पाहणारी व्यवस्था आजार पाहू शकत नाही. मुंबईने दाखविले की वस्तीतील स्त्रीने पुनःपुन्हा बोलावले तर स्त्रिया येतात. उस्मानाबादने दाखविले की चांगले साधन एकदा पोहोचले तरी जीव वाचतात. बीडने याची उलट बाजू दाखविली. धोरणाने मात्र साधनाची निवड हाच मुख्य प्रश्न मानला आणि स्त्रीला बोलावण्याचे, तिची नोंद ठेवण्याचे व उपचारापर्यंत सोबत करण्याचे काम दुय्यम ठरविले.

बाळंतपणासाठी प्रत्येक गरोदर स्त्रीची नोंद ठेवणे आपल्या व्यवस्थेला साधले, कारण तसे करणे तिने आपले कर्तव्य मानले. मूल होणार नसलेल्या स्त्रीच्या आरोग्याबाबतही तेच कर्तव्य मानले जाईल, तेव्हाच पाहणीतील १.९ हा आकडा बदलू लागेल. तिशीनंतरच्या स्त्रीची नोंद तिच्या स्वतःच्या आरोग्यासाठी ठेवली जाते काय, हीच येथून पुढे कोणत्याही कार्यक्रमाच्या मूल्यमापनाची पहिली कसोटी असावयास हवी.